कंट्रोल कुणाकडे

माझी धाकटी बहीण विमान चालवायला शिकते आहे, हे मला तिच्याकडून नव्हे, माझ्या बायकोकडून कळलं. बायकोला ते धाकटीनं भाजी निवडता निवडता सांगितलं होतं, शिवणाचा क्लास लावल्यासारखं.

"मुंगीला पंख फुटले," बायको म्हणाली. आणि लगेच जीभ चावली, कारण मुंगीला पंख फुटले की पुढे काय होतं ते तिलाही ठाऊक होतं.

धाकटीनं तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. लग्न झालं नाही. "झालं नाही नव्हे, केलं नाही" अशी दुरुस्ती ती स्वतःच करते. मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात ती एक्स-रे काढायची. खोलीला खिडकी नाही. दार शिशाच्या पत्र्यानं जड झालेलं, आणि भिंतीत एक जाड काचेचा चौकोन. काचेच्या अलीकडे धाकटी, पलीकडे टेबलावर आडवा पडलेला माणूस. "श्वास घ्या. रोखा. सोडा." बटण दाबण्याआधी ती न चुकता विचारायची, "खोलीत दुसरं कोणी नाही ना?" समोर काचेतून सगळी खोली दिसत असली तरी विचारायची. तसा नियमच होता. पुढे ते तिच्या अंगवळणी इतकं पडलं, की आमच्याकडे राहायला आली आणि न्हाणीघराचा दिवा घालवायची वेळ आली तरी ती आधी विचारायची. माझी बायको आतून ओरडायची, "आहे, आहे! आंघोळ करतेय तुझी वहिनी!"

विमान का, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "दादा, तिथं छत नाही." एवढंच.

गंमत अशी, की तिला मोटार चालवता येत नाही. "मोटारीत समोरून माणसं येतात," असं तिचं म्हणणं. त्यामुळे दर रविवारी सकाळी तिला फ्लाइंग क्लबला सोडायचं काम माझ्याकडे आलं. म्हणून पुढचं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि जे पाहिलं नाही ते त्याच दिवशी परतीच्या वाटेवर तिच्या तोंडून ऐकलेलं आहे.

क्लब म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, गवतातून गेलेली एक धावपट्टी, रेडिओची टपरीवजा खोली आणि दोनच जण बसतील अशी दोन छोटी विमानं. रेडिओच्या खोलीत बसणाऱ्याला सगळे रेडिओवाला म्हणत. आणि तिला शिकवणारे ते मास्तर. वयानं माझ्याहून मोठे, अंगानं चांगलेच आडवे, बोलणं तोलूनमापून. डाव्या सीटवर धाकटी, उजव्या सीटवर मास्तर. विमान वळवायचे दांडे दोघांसमोर, पेडलं दोघांच्या पायांशी, जोडलेली. एकानं हलवलं की दुसऱ्याकडचंही हलतं.

त्यांचा पहिलाच धडा जमिनीवर झाला, शेडमध्ये, दोन लाकडी खुर्च्यांवर. मी चहा पीत बाजूलाच होतो.

"बाई," मास्तर म्हणाले, "विमान दोघांच्या हातात असणं आणि कुणाच्याच हातात नसणं, यांत फरक नसतो. दोन्हींत माणसं मरतात. म्हणून द्यायचं ते बोलून, घ्यायचं ते बोलून. मी म्हणणार, कंट्रोल तुमच्याकडे. तुम्ही म्हणणार?"

"कंट्रोल माझ्याकडे."

"मग मी पुन्हा, तुमच्याकडे. आणि मगच हात काढणार. तीनदा. लग्नात नाही इतकं पक्कं."

"ते मला काय ठाऊक," धाकटी म्हणाली.

मास्तर हसले. मग म्हणाले, "माझी एक खोड सांगून ठेवतो. मागितल्याशिवाय मी सोडत नाही. आणि तुम्ही दिल्याशिवाय घेत नाही, विमान आपटायला निघालं तरी ओरडेन, पण तुम्ही द्याल तेव्हाच घेईन. शेवटच्या क्षणापर्यंत. नाहीतर शिकणार कसे?"

धाकटी बाकी सगळं पटापट शिकली. उतरणं मात्र जमेना. विमान धावपट्टीला टेकायचं, उडायचं, पुन्हा टेकायचं. रेडिओवाल्यानं तिचं नाव बेडूक ठेवलं. "आला बघा बेडूक," असं तो खिडकीतून मला सांगायचा, मी तिचा सख्खा भाऊ आहे हे माहीत असून.

आणि एका सकाळी धावपट्टीच्या टोकाशी विमान थांबलं, उजवीकडचं दार उघडलं आणि मास्तर उतरले. रिकाम्या सीटचा पट्टा त्यांनी स्वतः बांधला, कारण मोकळा पट्टा दांड्यात अडकू शकतो. त्या वेळी ते काय बोलले ते धाकटीनं मला जसंच्या तसं सांगितलं. "आता विमान एकदम हलकं होईल. लिफ्टसारखं वर जाईल. घाबरू नका. माझं ओझं गेलेलं असेल, एवढंच."

तसंच झालं. एकटीनं घेतलेली पहिली फेरी. बेडकासारखी उतरली, पण उतरली. मास्तर गवतात उभे राहून टाळ्या वाजवत होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मास्तर गेले. दुपारी जेवून आरामखुर्चीत पडले ते उठलेच नाहीत. धाकटीनं त्या दिवशी तळघरातलं काम संपवलं, मग मला फोन केला. रडली नाही. म्हणाली, "दादा, त्यांचं वजन आता कुणाला लागणार नाही."

त्यांच्या जागी एक तरुण मुलगी शिकवायला आली. माझ्या लेकीच्या वयाची, चटपटीत, बोलताना केस मागे सारणारी. धाकटी तिला मॅडम म्हणायची आणि ती धाकटीला मावशी. लायसन्सच्या परीक्षेआधी एकटीनं लांबचा एक प्रवास करावा लागतो: दुसऱ्या धावपट्टीवर जाऊन, उतरून, परत यायचं. तो राहिला होता. आणि घाई होती. शारीरिक तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनी रक्तदाब दोनदा मोजून सांगितलं होतं, "या वेळी सही करतो. पुढच्या वेळी करीन असं धरून चालू नका." म्हणजे ही सही चालू आहे तोवर परीक्षा झाली तर झाली. नाहीतर पुन्हा तळघर, आणि मग सेवानिवृत्ती.

लांबच्या प्रवासाला धाकटी निघाली तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. जाणं नीट झालं. परत येताना धुरकं दाटलं. ढग नव्हे, पाऊस नव्हे, नुसतं करडं. खालची जमीन आणि वरचं आकाश एकाच रंगाचं झालं. धाकटीचे शब्द असे, "काचेच्या पलीकडे काहीच नव्हतं, दादा. फिल्म धुवायच्या आधी जशी असते तशी." विमान सरळ आहे की कललं आहे हे तिला कळेना. काटे एक सांगत होते, अंग दुसरंच. बोटं दांड्याभोवती आवळली गेली, सुटेनात.

आणि मग, शंभरदा केलेल्या सवयीनं, तिच्या तोंडून निघून गेलं, "मास्तर, कंट्रोल तुमच्याकडे."

आणि तिनं हात सोडले.

"ऐकू आलं काही?" मी विचारलं. आम्ही गाडीत होतो. धाकटी पुढच्या सीटवर, मांडीवर हात उताणे ठेवून.

"नाही. इंजिनच्या आवाजात काय ऐकू येणार?"

"मग?"

"उजवं पेडल आत गेलं. माझ्या पायाखालून. हळूच, ते दाबायचे तसं. विमान वळलं."

धुरक्यातून बाहेर येताच समोर आमची धावपट्टी होती, अगदी नाकासमोर. धाकटीनं दांड्यावर हात ठेवले, पण ते नुसते ठेवलेले. विमान टेकल्याचं तिला कळलंही नाही. रेडिओवाला टपरीतून बाहेर आला होता. मी शपथेवर सांगतो, चाकं जमिनीला लागली तेव्हा गवतसुद्धा हललं नाही.

मी वाणिज्य शाखेचा माणूस. हिशेब जुळला नाही की आधी बेरीज तपासायची, भूत नंतर. मी मॅडमला विचारलं. ती म्हणाली, "काका, विमानाचा तोल नीट लावून ठेवला की हात सोडले तरी ते सरळ जातं. उलट घाबरलेला माणूस हातानं बिघडवतो. मावशींनी सोडलं, तेच बरं केलं." मला पटलं. धाकटीला पटलं नाही. तिचा मुद्दा दुसराच होता.

"मी परत घेतलंच नाही, दादा."

"काय?"

"कंट्रोल. मी दिलं. परत मागितलं नाही. घाईत राहून गेलं. आणि मागितल्याशिवाय ते सोडत नाहीत."

पुढचे रविवार असे गेले, की क्लबमध्ये धाकटीचं कौतुक मावेना. बेडूक गेला. प्रत्येक वेळी विमान असं उतरायचं, जसं कुणी झोपलेल्या मुलाला गादीवर ठेवावं. मॅडम म्हणाली, "मावशी, परीक्षेत डोळे मिटून पास व्हाल." धाकटी हसली नाही. आणखी एक गोष्ट होती, ती तिनं फक्त मला सांगितली. एकटी उडाली तरी विमान आता लिफ्टसारखं वर जात नव्हतं. जड चढायचं. मास्तर शेजारी बसलेले असताना चढायचं तसं.

"उन्हाळा आहे," मी म्हणालो. "हवा पातळ होते म्हणतात."

"हो. असेल." मग थोड्या वेळानं, "आज सुटण्याआधी मी उजव्या सीटचा पट्टा बांधला आणि तोंडातून गेलं, दुसरं कोणी नाही ना? आणि मग मला उत्तर ऐकायची भीती वाटली."

घरी बायको तिला समजावत होती. "अगं, असेनात का! चांगले होते ना? परीक्षेपुरते राहू देत. लायसन्स मिळालं की जातील त्यांचे ते."

"वहिनी, मग लायसन्स कुणाचं?"

"तुझं! नाव तुझंच छापणार ना? मेलेल्या माणसाला कोण लायसन्स देतंय?"

धाकटीला मोह नव्हता असं नाही. पुन्हा बेडूक झाली तर नापास होणार, आणि ही एकच संधी, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे तिनं आणखी एक आठवडा तसाच जाऊ दिला. कदाचित परीक्षाही तशीच दिली असती. पण मधे एक सराव झाला, मॅडमबरोबरचा.

परीक्षेत परीक्षक मधेच कंट्रोल घेतो आणि विमान वेडंवाकडं करून परत देतो, त्याची ती तालीम होती. वर गेल्यावर मॅडम म्हणाली, "कंट्रोल माझ्याकडे."

"तुमच्याकडे," धाकटी म्हणाली.

"माझ्याकडे." मॅडमनं दांडा वळवायला घेतला. वळेना. "मावशी, सोडा ना."

"सोडलंय."

"अहो, सोडा! धरून ठेवलंय तुम्ही!"

धाकटीनं दोन्ही पंजे वर करून दाखवले. पायही पेडलांवरून काढून गुडघे जवळ घेतले. मॅडमनं तिच्या पंजांकडे पाहिलं, मग समोरच्या दांड्याकडे. दांडा कुणा तिसऱ्यानं धरल्यासारखा घट्ट होता. अडकल्यासारखा नव्हे, असं मॅडमनं मला पुढे सांगितलं. "अडकलेली वस्तू हलत नाही, काका. हा हलत होता. थोडा थोडा. विमान सरळ ठेवण्यापुरता."

मग तो सुटला. मॅडमनं विमान खाली आणलं. मेकॅनिकनं सगळ्या तारा, चाकं, कप्प्या उघडून पाहिल्या. "लोण्यासारखं चालतंय," तो हात पुसत म्हणाला. "तुम्हा दोघींचं भांडण झालं असेल."

मॅडमनं केस मागे सारले, पण हसली नाही.

परतीच्या वाटेवर धाकटी म्हणाली, "दादा, आज ती पोर होती शेजारी. परवा परीक्षक असेल. दोघांच्या हातात म्हणजे कुणाच्याच नाही. मला परत मागावं लागेल."

"माग ना मग. आत्ता माग. गाडीतच."

"इथं काय आहे त्यांच्या हातात?"

परीक्षेच्या आदल्या सकाळी ती एकटी वर गेली. मी रेडिओच्या खोलीत बसलो होतो. रेडिओवाला शेंगदाणे खात होता. आभाळ त्या दिवशीही करडंच होतं, पण धावपट्टी दिसत होती. विमान टोकाशी गेलं, धावलं आणि सावकाश, फार सावकाश, वर चढलं.

"बाईंचं वजन वाढलंय का?" रेडिओवाला म्हणाला.

थोड्या वेळानं रेडिओतून इंजिनची घरघर सुरू झाली आणि थांबेचना. "बटण दाबलं गेलंय त्यांचं," रेडिओवाला वैतागला. "आता यांचं सगळं पुराण ऐका. आपल्याला बोलता येणार नाही." दांड्यावरचं बोलायचं बटण तिच्या मुठीखाली दाबलेलं राहिलं होतं. तिला ते माहीत नव्हतं. घरघर, आणि मधे मधे तिचा श्वास. तो मी ओळखला. घेतला. रोखला.

मग तिचा आवाज आला, तळघरात आडव्या माणसाशी बोलते तसा, शांत.

"मास्तर, कंट्रोल माझ्याकडे."

घरघर. रेडिओवाल्याचा हात शेंगदाण्यांच्या पुडीत तसाच राहिला.

काही आलं नाही. म्हणजे आम्हाला काही ऐकू आलं नाही. ती नुसती शांतता नव्हती; फोनवर एका बाजूचं बोलणं ऐकताना मधे जी जागा सुटते, तसली होती. एक शब्द मावेल एवढी.

आणि मग धाकटी म्हणाली, "माझ्याकडे."

इंजिनचा आवाज एकदम बदलला. आम्ही दोघं खिडकीशी धावलो. विमान आभाळात उसळून वर गेलं होतं, पाठीवरचं ओझं उतरवलेल्या हमालासारखं. मग डोललं, डावीकडे कललं, उजवीकडे कललं आणि हळूहळू सरळ झालं.

"कोणाशी बोलत होत्या?" रेडिओवाल्यानं विचारलं. त्याचा चेहरा उतरला होता.

"सराव करत असेल," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

ती उतरायला आली. टेकली, उडाली, टेकली, पुन्हा उडाली, मग इंजिन वाढवून परत वर गेली, फेरी मारून आली आणि धपकन बसली. गवतातले पक्षी उडाले. एरवी रेडिओवाला काहीतरी बोलला असता. त्यानं शेंगदाण्यांची पुडी मिटून ठेवली.

दुसऱ्या दिवशी परीक्षा झाली. परीक्षक जाड भिंगांचा, मितभाषी माणूस होता. पहिलं उतरणं बिघडलं. धाकटीनं ते रेटून नेलं नाही, सोडून दिलं, वर गेली आणि पुन्हा आली. दुसऱ्यांदा विमान एकदाच उडालं. परीक्षक उतरले, कंबर चोळली आणि म्हणाले, "उतरणं सुंदर नाही तुमचं."

"नाही," धाकटी म्हणाली.

"पण चुकलं ते तुम्हाला माझ्याआधी कळलं. चालेल." आणि सही केली.

मॅडमनं तिला मिठी मारली. मी घरी फोन लावला. बायकोचा आवाज इतका मोठा होता, की सगळ्यांनी ऐकला. "म्हटलं नव्हतं मी? आमची मुंगी!" धाकटी हसली, सगळ्यांशी हात मिळवले, मेकॅनिकशीसुद्धा. मग आम्ही निघालो.

गाडीत तिनं डोकं मागे टेकलं. मला वाटलं, दमली असेल. गावाचे पहिले दिवे लागायच्या सुमारास तिनं काच खाली केली आणि मान बाहेर काढून वर पाहिलं. धुरकं तसंच होतं, करडं.

"काल त्यांनी दिलं," ती म्हणाली. "लगेच दिलं. कुरकुर नाही, काही नाही. तुमच्याकडे, म्हणाले. मी घेतलं आणि खाली आले."

"बरं झालं ना मग?"

"हो." ती वरच बघत होती. "मी खाली आले, दादा. ते कशानं येणार?"

मी गाडीचा वेग कमी केला. थांबलो नाही. ती काच तशीच उघडी ठेवून बसली, आणि तिच्या डोळ्यांत धूळ जात असावी असं वाटूनही मी ती वर करायला सांगितली नाही.